मराठी मशीन

इंग्रजी मशीनवर माझा हात असा बसला होता की मजकूर डोळ्यांतून थेट बोटांत उतरायचा, मधे डोक्याला त्रास नसे. अमरावतीच्या आमच्या सरकारी कचेरीत हेड टायपिस्ट सोडले तर माझ्या तोडीचा कोणी नव्हता, आणि मला शिकवलं होतं त्यांनीच. ते निवृत्त झाले की ती जागा माझी, असं मी मनात धरून बसलो होतो.

मग राज्याचा कारभार मराठीत करायचं ठरलं. कचेरीत एक मराठी मशीन आलं आणि पाठोपाठ हुकूम आला, टायपिंगची परीक्षा पास व्हा, नाहीतर खालच्या जागेवर जा.

मी हादरलोच. बोलणं मराठी, भांडणं मराठी, बोटं मात्र इंग्रजी. वर्षानुवर्षांच्या सवयीनं ती जुन्याच जागी पडत आणि कागदावर भलतंच उमटे. जेवतानाही ताटाच्या कडेवर चालत राहत. काय मोजून राह्यले, असं बायकोनं विचारलं की मी तिच्यावरच चिडायचो.

कचेरी सुटल्यावर हेड टायपिस्ट आणि मी त्या एकाच मशीनवर आळीपाळीनं बसायचो. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मान खाली घालून ते एकेक अक्षर शोधत. यांचं काही खरं नाही, हे मला दिसत होतं. सांगायला लाज वाटते, पण ते बघून मला धीर यायचा.

परीक्षा अकोल्याला होती. एसटीत शेजारी बसूनही आम्ही फारसं बोललो नाही. माझ्या पुढच्या रांगेत त्यांचं मशीन थांबत थांबत वाजत होतं, आणि मी माझंच बघत होतो.

महिन्याभरानं साहेबांनी मला बोलावून हुकमाचा मसुदा टाईप करायला दिला. मी पास झालो होतो. हेड टायपिस्ट नापास. त्यांना रेकॉर्डात कारकून म्हणून पाठवलं होतं, आणि त्यांची जागा मला. असले हुकूम इंग्रजीत मी कितीतरी झोडपले असतील, कोणाचं काय झालं हे कळायच्या आत कागद बाहेर. या वेळी शब्द न् शब्द वाचावा लागला.

कागद तसाच साहेबांकडे न्यावा म्हणून मी उठलो. पण टाईप झालेला प्रत्येक कागद हेड टायपिस्टांनी ताडून पाहायचा, अशी आमच्याकडे रीत होती. मसुदा ते मोठ्यानं वाचत, टाईप करणारा आपल्या कागदावर बोट फिरवी. त्यांनी चष्मा लावला आणि मसुद्यासाठी हात पुढे केला.

त्यांनी वाचला. आधी स्वतःचं नाव, मग माझं. रोजच्याच आवाजात. माझं बोट थांबलं तसे तेही थांबले. मग माझ्या कागदात डोकावून म्हणाले, "दुसऱ्या ओळीत एक शब्द रायला. पुन्ना कर. खाडाखोड केलेला कागद सायबाकडे जात नाई."

मी नवा कागद लावला. ते उठले नाहीत. हुकमावर सही होईपर्यंत तपासायचं काम त्यांचंच होतं.