पणजोबांची चौकट

“बस? एवढंच?” सर म्हणाले. “तुमचं झाड तर लगेच आटोपलं की.”

स्टाफरूममध्ये हशा पिकला. माझ्या हातात मार्कर होता. समोरच्या पांढऱ्या फळ्यावर मी काढलेल्या चौकटी होत्या. खाली मी. माझ्या वर वडील. वडिलांच्या वर आजोबा. आजोबांच्या वर काही नाही.

फळ्याचा बाकीचा भाग सरांच्या झाडानं भरला होता. त्यासाठी त्यांनी घरून कुलवृत्तान्त आणला होता, जाड बांधणीचा. सगळ्यात वर मूळ पुरुष, त्याच्याखाली मुलगे, नातू, पणतू. तळाशी सर आणि त्यांचा परदेशातला मुलगा. फळा पुरला नाही म्हणून मधल्या पिढ्या त्यांनी बारीक अक्षरांत कोंबल्या होत्या.

हे सगळं पुस्तकासाठी चाललं होतं. उल्हासनगरच्या ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवत होते, तिथले सर विभागप्रमुख. संगणकशास्त्राचं पाठ्यपुस्तक आम्ही दोघं मिळून लिहीत होतो. मिळून म्हणजे मी लिहायचं आणि सरांनी वाचायचं. झाडाच्या प्रकरणात मात्र सरांनी स्वतः हात घातला. संगणकात माहिती मांडायची एक रीत असते, तिला झाड म्हणतात. एका चौकटीत तिच्याशी जोडलेल्या दुसऱ्या चौकटीचा पत्ता लिहिलेला असतो. पत्ता नसेल तिथं ‘नल’ लिहायचं. नल म्हणजे पुढे कुणी नाही.

“घराणं हे याचं परफेक्ट एक्झाम्पल,” सर म्हणाले होते. “शेवटी स्वाध्याय टाकू. प्रत्येकानं आपापली वंशावळ काढायची. मॅडम, तुम्ही काढून दाखवा बरं.”

म्हणून मी उठले होते.

“आजोबांचे वडील कोण?”

“माहीत नाही, सर.”

“कमाल आहे. नावसुद्धा नाही? मग नल घाला. शास्त्र म्हणजे शास्त्र.”

मी आजोबांच्या डोक्यावर ‘नल’ लिहिलं. माझ्याच अक्षरात.

“सोप्पं झाड आहे हो,” गणिताच्या मॅडम हसत म्हणाल्या. “परीक्षेत हेच द्या, पोरं पास होतील.”

सरांच्या एवढ्या मोठ्या झाडात एकही बाई नव्हती. हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

दर जूनला कुणाला तास द्यायचे ते सर ठरवत. मी प्राध्यापकपदाची सेट परीक्षा पास आहे, पण कायमची जागा निघत नाही, आणि निघालीच तर तिथंही विभागप्रमुखांचाच शब्द चालतो. मी फळा पुसला, मार्कर जागेवर ठेवला आणि तासाला गेले. त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही.

अंबरनाथ पूर्वेला आमची एक खोली आणि स्वयंपाकघर. आई आणि मी. वडील कंपनीत होते. कंपनी बंद पडली, मग तेही गेले. आई घरी जीन्सचे धागे कापायची. उल्हासनगरच्या कॅम्पातल्या कारखान्यातून गठ्ठे यायचे. शिलाईचे सुटलेले धागे छोट्या कात्रीनं काढायचे, मग माल इस्त्रीला जायचा. तिच्या बोटांत निळा रंग बसला होता, साबणानं निघत नसे. भाकरी थापतानाही तिची नखं निळी दिसायची. मी तिच्यासमोर बसून पुस्तकाची प्रकरणं टाइप करायचे.

“पुस्तकावर तुझं नाव येणार ना गं?”

“येणार.”

“मागच्या पानावर लिहिणाऱ्याची माहिती असते. तिथं आईबापाचं नाव घालतात का?”

“घातलं तर चालतं.”

“मग घाल,” ती म्हणाली. “बघू तरी कसं दिसतं.”

मग मागच्या पानाचं प्रूफ आलं. दोन्ही लेखकांचे परिचय सरांनीच लिहून पाठवले होते, इंग्रजीत. सरांचा असा, की विद्वानांच्या घराण्यात जन्म, घरात पिढ्यान्‌पिढ्या अध्यापनाची परंपरा. माझा असा, की अत्यंत हलाखीच्या पार्श्वभूमीतून आलेल्या, सरांनी गुण हेरून त्यांना घडवलं.

घरी मी ते आईला मराठीत वाचून दाखवलं. कात्री थांबली.

“हलाखी कुणाची?”

“आपली.”

“आपण काय कुणाच्या दारात ताट घेऊन उभं राहिलो होतो? तुझी फी काय तुझ्या सरांनी भरली?”

“आई, अशीच भाषा असते त्यात.”

“मग बदल की भाषा. तू लेखक ना?” तिनं पुढची पँट मांडीवर ओढली. “आणि घडवलं म्हणे. मडकं आहेस का तू?”

मला हसू आलं. तिला आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. परिचयात थोडा बदल हवा होता, म्हटलं.

“अहो, कौतुकच केलंय तुमचं,” सर म्हणाले. “लोकांना अशा स्टोऱ्या आवडतात.” मग चष्मा काढून म्हणाले, “आणि त्याऐवजी लिहिणार काय? बॅकग्राउंड म्हणून दुसरं आहे काय तुमच्याकडे?”

मी परत आले. सर विचार करतायत, असं आईला सांगितलं.

मार्चमध्ये आई गेली. छातीत दुखतंय म्हणाली. रिक्षातही बोलत होती, दवाखान्याच्या दाराशी बोलणं थांबलं. सरांचा फोन आला. “वाईट झालं हो. तेरावं झालं की या. प्रूफवर सही तेवढी राहिलीय.”

आमच्यात तेरावं नसतं. जलदान विधी झाला, नातेवाईक आपापल्या घरी गेले. कोपऱ्यात अर्धा गठ्ठा तसाच पडून होता. टेम्पोवाला दारात आला.

“काकी का माल रेडी है क्या?” मग त्याला आठवलं.

“कल आना,” मी म्हटलं. “मैं कर देती हूँ.”

मी तिची कात्री घेतली आणि बसले. काही पँटींतच बोटं निळी झाली. धागे कापता कापता मला मीच दरवर्षी शिकवते ते आठवत राहिलं. पत्ता हरवला म्हणून चौकट नाहीशी होत नाही. ती असते तिथंच, आपली जागा धरून. फक्त तिच्यापर्यंत जायची वाट कुणाकडे उरत नाही. त्यात चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असते. चौकटीची नव्हे.

माझे पणजोबा होते. त्यांना कुणीतरी नावानं हाक मारत होतं. पण त्यांच्या हाती पाटी येऊ दिली नाही, आणि ज्यांनी येऊ दिली नाही त्यांची वंशावळ बांधणीत जपलेली आहे. आणि नल मी लिहायचं. माझ्या अक्षरात.

गठ्ठा पूर्ण करून दिला आणि कॉलेजला गेले. सरांनी प्रूफ पुढे सरकवलं.

“सही करा.”

“परिचय मी लिहून आणलाय, सर. आणि वंशावळीचा स्वाध्याय काढायचा.”

त्यांनी माझा कागद वाचला. “हे पाठ्यपुस्तक आहे, मॅडम. तक्रारअर्ज नाही.”

“मग माझी प्रकरणंही छापायची नाहीत.”

“जूनचा विचार करा.”

“केला.”

जून आला. वेळापत्रकात माझं नाव नाही. बदलापूरच्या कॉलेजात विचारलं, तिथं आधीच फोन गेलेला होता. टेम्पो अजून येतो. मी धागे कापते आणि मध्ये मध्ये वाचते. खोलीच्या बाहेर जायचे रस्ते तूर्तास दिसत नाहीत.

पुस्तक अडलं आहे. परवा सरांनी शिपायाकडून निरोप पाठवला. आम्ही परिचयातून हलाखी काढतो, बाईंना म्हणावं तुम्ही पणजोबा काढा.

मी शिपायाला चहा दिला आणि तोच मजकूर पुन्हा लिहून त्याच्या हाती ठेवला.

‘लेखिकेच्या आईचं नाव शेवंता. ती जीन्सचे धागे कापत असे. हे पुस्तक तिच्यासमोर बसून लिहिलं. लेखिकेच्या आजोबांनाही वडील होते. त्यांचं नाव लेखिकेला माहीत नाही. ते का माहीत नाही, हे तिला माहीत आहे.’

यातला एकही शब्द निघणार नाही.