गाडी बिघडली, बरं झालं

मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर ड्रायव्हर कामावर परतला आणि पहिल्याच दिवशी जीपचा गिअरशेजारचा छोटा दांडा हलेना. कामगारांना डोंगरावरच्या टॉवरपाशी न्यायचं, तर पायथ्याशी तो ओढून चारही चाकांना जोर द्यावा लागतो. त्याने पुष्कळ ओढून पाहिलं. शेवटी कामगारांना म्हणाला, "आज चालतच जा." कारण सांगितलं नाही. हात गेला तर नोकरी गेली, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

घरी बायकोने विचारलं, "चेहरा का उतरलाय? गाडीने लाथ मारली का?"

"दमलोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने जीप गॅरेजमध्ये नेली. तिथल्या मेकॅनिकला सगळे पैलवान म्हणत, आणि ते उगाच नव्हे. पैलवानाने दांडा धरला, पाय रोवले, तोंड लाल झालं. दांडा जागच्या जागी.

"काका, हा माझ्या बापाचंही ऐकणार नाही."

"खरंच? परत ओढ बघू."

पैलवानाने पुन्हा ओढला. ड्रायव्हरला हसू आवरेना.

"गाडी बिघडलीय आणि तुम्ही हसताय?"

"बिघडू दे रे. माझा हात शाबूत आहे."

हात प्लास्टरमध्ये असताना जीप महिनाभर उभी होती. तेवढ्या काळात दांड्याच्या खालच्या सांध्यात चिखल वाळून दगड झाला होता. पैलवानाने तो खरवडून काढला, सांधा सोडवला, ग्रीस भरलं. मग ड्रायव्हरने त्याच हाताने दांडा पुढे ढकलला, मागे ओढला, पुन्हा ढकलला.

"पुरे काका," पैलवान म्हणाला, "आता खरंच मोडाल."