उभ्याताई

उभ्याताई बसत नसत. वाढवून सांगत नाही. आमच्या वर्गात शिकवणाऱ्यांसाठी वेताची एक खुर्ची होती. तिच्यावर त्यांची कापडी पिशवी बसायची, आणि त्या स्वतः फळ्यापासून दारापर्यंत, दारापासून व्हरांड्यापर्यंत येरझाऱ्या घालत शिकवायच्या. वाक्य फळ्यापाशी सुरू व्हायचं आणि व्हरांड्यात संपायचं. ज्याला ते पुरतं ऐकायचं असेल त्याने उठून मागे जावं. पहिल्या आठवड्यातच आम्ही पंधराही जण वह्या छातीशी धरून त्यांच्यामागे चालू लागलो. त्यांचं हे नाव कोणी ठेवलं ते आठवत नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही असावं.

आणीबाणी उठली होती त्या सुमाराची गोष्ट. वर्ध्याच्या कडेला एका संस्थेत समाजसेवकाचं वर्षभराचं प्रशिक्षण होतं. मी अल्लीपूरची, शेतकऱ्याच्या घरची. मी मास्तरीण व्हावं अशी वडिलांची इच्छा होती, आणि मला मात्र काहीतरी मोठं करायचं होतं, तेही लगेच. काय करायचं ते ठाऊक नव्हतं. अंगात नुसती तगमग होती. जेवताना, झोपताना, प्रार्थनेला बसतानाही वाटायचं की इथे आपण वेळ घालवतो आहोत आणि तिकडे कुठेतरी कोणीतरी आपली वाट पाहत आहे.

उभ्याताई आम्हाला गावाच्या नावाने हाक मारायच्या. मी 'अल्लीपूर', माझ्या खोलीतली दुसरी 'देवळी'. "नाव ध्यानात राहत नाई का, ताई?" असं एकदा कोणीतरी विचारलं, तर म्हणाल्या, "राह्यते न. पण गाव इसरून काम करशान तर काय कामाचं?" बोलणं असं, थेट वऱ्हाडी. संस्थेतले बाकीचे सर पुस्तकी मराठीत 'गृहभेट' आणि 'क्षेत्रकार्य' शिकवायचे. उभ्याताई म्हणायच्या, "जायचं, पाह्यचं, आयकायचं. तोंड शेवटी."

दर गुरुवारी आम्ही गावात जायचो. मला आणि त्यांना हिंगणीच्या पलीकडचं, जंगलाच्या कडेचं एक लहानसं गाव मिळालं होतं. एसटीने हिंगणी, पुढे पायी. त्या इतक्या झपाझप चालायच्या की मला मध्येमध्ये पळावं लागे. घरात गेल्यावर कोणी खाट पुढे केली, सतरंजी टाकली, तरी यांचं एकच, "नाई, उभीच बरी." उभ्यानेच चहा, उभ्यानेच विचारपूस. त्या बौद्ध होत्या. काही घरांत त्यांना बसायला काय द्यायचं, आत घ्यायचं की ओसरीवरच थांबवायचं, अशी कुजबूज चालायची हे मी पाहिलं होतं. उभं राहून त्या तो पेच समोरच्यावर येऊच देत नाहीत, असं मला बरेच दिवस वाटत होतं.

त्या गावात सुमन नावाची बावीस-तेवीस वर्षांची सून होती. लग्नाला दोन वर्षं झालेली. एका गुरुवारी उभ्याताई दुसऱ्या आळीत गेल्या होत्या आणि मी एकटी सुमनच्या चुलीपाशी बसले होते. ती भाकरी टाकत होती. बोलताबोलता तिचा कोपर तापलेल्या तव्याच्या काठाला टेकला आणि तसाच टेकून राहिला. मी ओरडले. तिने हात काढला. कातडी भाजली होती आणि तिला पत्ता नव्हता. कोपराखाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. पंधरा दिवसांपूर्वीच आम्हाला कुष्ठरोगावर धडा झाला होता. सुमनने पदर हातावर ओढून घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तीन महिने झाले. कोणाले सांगू नका, बाई. तुमच्या पाया पडतो."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

तासाभरात मी सांगितलं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, उलट फार चांगलं होतं. एका दिवसाचाही उशीर नको, उद्याच दवाखान्यात न्यायला हवी, बैलगाडी हवी, सोबत कोणी वडीलधारी बाई हवी. म्हणून मी पोलीस पाटलांच्या बायकोकडे गेले आणि तिला विश्वासात घेतलं. तिने मान डोलावली, मला गूळ-पाणी दिलं. परत येताना एसटीत मी इतकी खूश होते की उभ्याताईंना सांगायचंही सुचलं नाही. वाटलं, उद्या काम झाल्यावर सांगू.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बैलगाडी आलीच नाही. पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा सुमन घरात नव्हती. सासू दारात उभी होती. उभ्याताईंकडे न पाहता तिने माझ्याकडे बोट केलं. "हिनंच सांगतलं न साऱ्या गावाले? गेली ते माहेरी. पेटी देऊन भावासंगं पाठवून देल्ली. आता तुमी काऊन आल्या?" मागे तिचा मुलगा नामदेव, सुमनचा नवरा, मान खाली घालून दोरी वळत होता.

हिंगणीपर्यंतच्या वाटेवर मी रडतरडत सगळं सांगितलं. सगळं ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "तुले चट्टा दिसला, पोरी. घर नाई दिसलं."

"मी चांगल्यासाठीच केलं, ताई."

"हो. घाईत असलेला माणूस चांगल्यासाठीच करते."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रविवारी मी पेटी भरली. हे आपलं काम नाही, गावी जावं, वडील म्हणतात तसं शाळेत शिकवावं, असं ठरवलं. उभ्याताई वसतिगृहाच्या दारात येऊन ठेपल्या. कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"निघाली काय?"

"हो. मला नाही जमणार."

"जाय. कोणी अडवलं? पण सुमनले तिच्या घरी पोचवून मंग जाय. ते काम तुयं आहे, दुसऱ्या कोणाचं नाई."

मी पेटी रिकामी केली.

सुमनचं माहेर माझ्या अल्लीपुरापासून पायी तासाभराच्या अंतरावर निघालं. आम्ही दोघी गेलो. भावाने तिला गोठ्याच्या एका कोपऱ्यात जागा दिली होती. वेगळं ताट, वेगळा लोटा. मला पाहताच तिने भिंतीकडे तोंड केलं. उभ्याताईंनी तिला औषधाचं सांगितलं. गोळ्या आहेत, फुकट आहेत, नेमाने घेतल्या तर हा रोग बरा होतो. सुमन भिंतीशीच बोलली, "रोग बरा होईन, ताई. गाव बरं होईन काय?" खोटं सांगून धीर देणं उभ्याताईंना येत नसे.

मग दर शनिवारी मी अल्लीपूरला जायचे आणि तिथून पायी सुमनकडे. महिन्यातून एकदा तिला वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं, एरवी गोळ्या घेते की नाही ते पाहायचं. ती माझ्यासमोर गोळी गिळायची, पाणी प्यायची, आणि आत जायची. परतताना शेताच्या धुऱ्यावरून, बांधाबांधाने चालताना मी मनातल्या मनात तिच्याशी भांडायचे, माफी मागायचे, पुन्हा भांडायचे. डिसेंबर आला तरी काही हलत नव्हतं. मला धीर निघेना. "ताई, नामदेवला गाठून खडसावून विचारा ना," मी रोज म्हणायचे.

शेवटी उभ्याताई निघाल्या, पण खडसावायला नाही. कापूस वेचणीचे दिवस होते. त्या सरळ नामदेवच्या वावरात गेल्या, पदराची ओटी खोचली आणि वेचायला लागल्या. मला म्हणाल्या, "ती दुसरी ओळ घे." नामदेव गोंधळला. त्याची आई धुऱ्यावर येऊन बघून गेली. उभ्याताईंनी सुमनचं नाव काढलं नाही. बोंडअळी, पाऊस, बैलाचा पाय, असल्या गोष्टी. दुसऱ्या दिवशीही तेच. माझी बोटं पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या काटक्यांनी सोलवटली होती आणि डोकं तापलं होतं. मी त्यांच्याजवळ जाऊन कुजबुजले, "आता तरी बोला ना!"

"काऊन घाई करून राह्यली? त्याची बायको आहे. तो बोलन."

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बोलला. मडक्यातलं पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि जमिनीकडे पाहत विचारलं, "ताई, ते जेवते काय बराबर तिकडे?"

"नाई जेवत," उभ्याताई म्हणाल्या. एवढंच.

तो परत ओळीत गेला. दोन ओळी वेचून झाल्यावर आला, ओटी रिकामी केली आणि म्हणाला, "मले दवाखान्यात नेसान काय? डॉक्टरले मीच इचारतो, हा रोग लागते का नाई लागत ते."

त्या संध्याकाळी हिंगणीच्या थांब्यावर एसटीची वाट पाहत होतो. तीन दिवस वाकून कंबर मोडली होती. मी दगडावर टेकले आणि सहज म्हणून गेले, "ताई, आता तरी बसा हो. गाडी काय, येईल तेव्हा येईल." त्या रस्त्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सांगितलं, इतक्या सपाट आवाजात की आधी मला कळलंच नाही की त्या स्वतःचं सांगत आहेत.

त्यांना एक मुलगी होती, तीन वर्षांची. जुलाब-उलट्यांनी लोळागोळा झालेली. नवऱ्याने आणि त्यांनी तिला एका दवाखान्यात नेलं. कंपाउंडर म्हणाला, बसा, डॉक्टर येतात. "आमी बसलो. सकाळपासून त्या बाकड्यावर बसलो. मधातून मी दोनदा उठली. आमचे मालक म्हणे, बस, लोक पाहून राह्यले. मंग मी बसली. तीन वाजता पोरगी गेली, माया मांडीवरच. डॉक्टर भिंतीच्या पलीकडेच होता. मी उठून दार वाजवलं असतं तर..." वाक्य तिथेच राहिलं. मग त्यांनीच विषय मोडला, "पाह्य, गाडी आली काय ते." गाडी आली नव्हती. मी दगडावरून उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. एसटी आली तेव्हा अंधार पडला होता.

नामदेव दवाखान्यात आला. डॉक्टरांनी त्याला समजावलं की औषध सुरू झालंय, आता भिण्यासारखं काही नाही. त्याने तीनतीनदा तेच विचारलं आणि तीनदा तेच उत्तर ऐकून घेतलं. होळीच्या आधी सुमन परत आली. जुन्या घरात नाही. सासूने शेवटपर्यंत ऐकलं नाही, म्हणून नामदेवने वावराच्या कडेला कुडाचं वेगळं खोपटं बांधलं. सासू त्यांच्याकडे कधी गेली नाही. पण दोघं एका ताटात जेवतात, असं उभ्याताई बघून आल्या.

मी आनंदाने वेडी झाले. पुढच्या गुरुवारी सुमनसाठी बांगड्या घेऊन तयार झाले, तर उभ्याताईंनी मला थांबवलं. "तू नको येऊ. सुमन म्हणे, ते पोरगी चांगली आहे, पण तिले पाह्यलं का मले ते दिवस दिसते."

मी म्हटलं, "एकदाच जाते, ताई. माफी मागते आणि परत येते."

"माफी मागाले जाशीन तर तुले बरं वाटन. तिले काय भेटन?"

त्या गावात मी पुन्हा गेले नाही. आजतागायत नाही. बांगड्या मी खोलीतल्या देवळीवालीला देऊन टाकल्या.

माझं प्रशिक्षण संपलं आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात समाजसेविका म्हणून नोकरी लागली. उभ्याताई संस्थेत फार टिकल्या नाहीत. बाहेरून काही पाहुणे आले होते. त्यांना बऱ्या झालेल्या बाईचा तिच्या घरासकट फोटो हवा होता, आणि संस्थेच्या प्रमुखांनी सुमनचं गाव विचारलं. उभ्याताई म्हणाल्या, सांगत नाई. प्रमुख म्हणाले, हे संस्थेचं काम आहे, तुमचं एकटीचं नाही. दोनदा, तीनदा वाद झाला. चौथ्यांदा त्यांनी राजीनामा दिला आणि वर्ध्यालगतच्या पिपरी मेघ्यातल्या त्यांच्या एका खोलीतून एकटीनेच फिरणं सुरू ठेवलं. कोणाला दवाखान्यात ने, कोणाचा अर्ज लिही, कोणाच्या वावरात वेचायला जा. हे सगळं त्यांच्या पत्रांतून कळे. पत्रं चार ओळींची असत आणि पाचवी सुरू करून सोडलेली.

त्या गेल्याचं मला पंधरा दिवसांनी कळलं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात आमची शेवटची भेट झाली होती, वर्ध्याच्या बसस्थानकावर, अगदी अचानक. केस पांढरे झालेले, चष्म्याला दोरी बांधलेली. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी तब्येत विचारली नाही, नवरा-मुलं विचारली नाहीत. पहिलाच प्रश्न, "सध्या कोणाचं पाहून राह्यली?"

त्या वेळी मी खरोखरच एका बाईच्या मागे होते. गोष्ट मोठी अवघड होती आणि तिच्यावर सल्ला द्यायला उभ्याताईंसारखं दुसरं कोणी नव्हतं. सांगायला मी तोंड उघडलं. मग त्या बाईचा चेहरा आठवला आणि मी थांबले.

"नाही सांगता येणार, ताई. तिला शब्द दिलाय."

उभ्याताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्या हसल्या, इतक्या मोठ्याने की रांगेतली माणसं वळून पाहू लागली. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, थोडा हलवला आणि सोडला. गाडी लागली होती. दांड्याला धरून चढताचढता मागे वळून म्हणाल्या, "येजो कधी माया खोलीवर."

येते म्हटलं. जाणं झालं नाही.