नावावरची काळी पट्टी

पडद्यावर माझा मेल होता. नाव तेवढं काळ्या पट्टीखाली झाकलेलं.

हिंजवडीतला एसी हॉल, खचाखच भरलेला. पडद्यापाशी आमच्या मेलिंग लिस्टचे सर. लिस्ट म्हणजे एक सामायिक पत्ता. प्रोग्रॅममध्ये काही अडलं की तिथं लिहायचं, ते सगळ्या सभासदांना जातं, जाणकार उत्तर देतात. नवख्याचा मेल पुढं सोडायचा की अडवायचा, ते सर ठरवणार. माझ्या मेलला उत्तर नव्हतं. कुणीतरी भेटेल, विचारू, म्हणून मी रजा टाकून या सभेला आले होते.

"लिस्टवर साधा मजकूर पाठवायचा असतो," सर म्हणाले. "या महाशयांनी लग्नपत्रिका पाठवली आहे."

हॉल हसला.

लाल ठळक अक्षरं. मधेमधे फोटो, फोटोंवर बाण. चांगल्या पार्टला हिरवी खूण, खराब पार्टला फुली. तळवड्याच्या आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनपुढं असाच कागद लटकतो. कामगार बिहारचा असो, मराठवाड्याचा असो, बघितलं की कळलं पाहिजे. फोटो नसला तर सुपरवायझर कागद तोंडावर फेकतो. मला तेच शिकवलेलं, मी तेच केलं. अख्खा रविवार घालवला होता त्या मेलवर.

सर एकेक फोटो मोठा करत होते. एकाच्या कोपऱ्यात माझी डब्याची पिशवी आलेली. आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली.

"बघा, डबापण पाठवलाय लिस्टला!"

पुन्हा हशा. शेजारची मुलगी डोळे पुसत मला म्हणाली, "कुठून येतात गं असले लोक?"

कुठून म्हणजे? चाकणच्या शिवेवरच्या गावातून. मोशीला बस बदलून. पॅकिंगला लागले, जागून जागून शिकले, आणि पार्ट तपासणाऱ्या कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम माझ्या हातात आला. तो कॅमेरा अचानक चांगल्या पार्टलाच खराब म्हणायला लागला. सुपरवायझर म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत नीट कर. नाहीतर परत पॅकिंगला जा." घरी वडील रोज विचारायचे, "लिव्हलंय न्हवं त्या सायबास्नी? मंग सांगत्याल की. शिकल्याली माणसं हायती."

शिकल्याली माणसं हसत होती. आईच्या लुगड्याला हसत होती. माझ्या अंगाची आग झाली. मी उठले.

"सर, तो मेल माझा आहे. पट्टी काढा."



"अहो, नाव झाकून मी तुमची लाजच राखली," सर म्हणाले.

"माझी लाज तुम्ही राखू नका. मेल अडवलात तेव्हाच फोटो चालत नाहीत एवढं कळवलं असतं, तर त्याच दिवशी काढले असते. एक ओळ लिहायला तुम्हाला सवड नव्हती. पट्टी मारायला बरी सापडली!"

"साध्या मजकुरात पाठवा. मग बघू."

पाठवला. परतीच्या बसमध्ये उभ्याउभ्या, फोनवरून. ना रंग, ना फोटो. खाली माझं पूर्ण नाव, गाव, काम.

चार दिवसांनी उत्तर आलं. एकच ओळ. एक सेटिंग बदलायचं होतं, बस्स. पण तोवर महिना संपला होता आणि मी पुन्हा खोके बांधत होते. धावत जाऊन सुपरवायझरला दाखवलं. तो म्हणाला, "बरं झालं. नव्या इंजिनिअरला दे." दिलं. कॅमेरा चालू झाला. शाबासकी त्याला.

साधा मजकूर का, तेही नंतर कळलं. लिस्टवर दृष्टी नसलेले सभासद आहेत. संगणक त्यांना मेल वाचून दाखवतो, पण फोटोतलं काही त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कारण खरं आहे. मला पटलं, मी पाळते. पण नियम सांगायचा असतो हो, त्याचा तमाशा करायचा नसतो! माझी जागा गेली ती फोटोंमुळे नाही. त्यांना हसायला काहीतरी हवं होतं, म्हणून गेली.

वडील म्हणतात, "जाऊ दे, पोरी. मोठी माणसं." मी जाऊ देणार नाही.

पुढच्या सभेला मी जाणार. पहिल्या रांगेत बसणार. मांडीवर तीच पिशवी. पडद्यावर पुन्हा काळी पट्टी दिसली, की उठून विचारणार, याला उत्तर दिलंत का? दिलं नसेल, तर ते देईपर्यंत पुढचं चित्र लावू देणार नाही.