पथ्याशिवाय औषध कसलं

आबासाहेब निटूरकरांना रक्तदाब निघाला आणि सून अलकाच्या मागे भुणभुण लागली. रक्तदाबाची नव्हे, गोळीची. ती गोळी पुढे करी, आबासाहेब बशीत ठेवून विचारत, "पथ्य काय सांगितलंय?"

पथ्य काहीच नव्हतं. केबल आणि परदेशी थंड पेयांपाठोपाठ हैदराबादच्या हिमायतनगरात ते काचेचं हॉस्पिटल आलं होतं. तिथल्या तरुण रेड्डी डॉक्टरनं सोडायला लावावं असं आबासाहेबांकडे उरलंच नव्हतं. मीठ आधीपासूनच कमी, लोणचं बंद, पान-तंबाखू नाही. डॉक्टर हसून म्हणाला होता, "परहेज-विरहेज कुछ नै, साब." झालं, त्याच क्षणी तो डॉक्टर आबासाहेबांच्या मनातून उतरला. जन्मभर वकिली केलेला माणूस. मनाई नसलेला कायदा आणि पथ्य नसलेलं औषध, दोन्ही कागदी, असं त्यांचं ठाम मत.

घरातही त्यांचा कायदा कडक. 'हौ' आणि 'नक्को' या दोन हैदराबादी शब्दांना उंबरठ्याच्या आत बंदी. नातू आदित्य रिक्षावाल्याशी त्याच बोलीत फाडफाड बोले आणि फाटक ओलांडताच जीभ इस्त्री केल्यासारखी सरळ करी. तरी दिवसभरात दहा वेळा पकडला जाईच.

गोळ्या साठत गेल्या आणि सकाळी उठल्यावर आबासाहेबांचा डावा हात बधिर वाटू लागला. अलका घाबरली. पक्षाघाताचं नाव डॉक्टरनं आधीच काढलं होतं. तिनं सासऱ्यांना आणि आदित्यला रिक्षात घातलं आणि तडक हॉस्पिटल गाठलं. डॉक्टरला बाजूला घेऊन विनवलं, काहीही वर्ज्य सांगा, पण सांगा.

डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधला, दाब मोजला, मान हलवली आणि पुन्हा मोजायला घेतला. तेवढ्यात आदित्य कंटाळून म्हणाला, "आई, मेरेकु भूक लगरी."

"मला भूक लागली आहे, असं म्हणावं," आबासाहेब गरजले.

"हौ आबा."

डॉक्टरनं पाऱ्याकडे पाहिलं, आबासाहेबांकडे पाहिलं. आकडा चांगलाच वर सरकला होता. घरीही हे असंच चालतं का, असं त्यानं अलकाला विचारलं. सकाळच्या चहापासून, ती म्हणाली.

"साब, एक परहेज है," डॉक्टर खुर्ची ओढून बसला. "किसीकी जबान सुधारना नै. बिल्कुल मना."

आबासाहेबांचा चेहरा उजळला. मग सुरू झाली उलटतपासणी. कपाळाला आठी घातली तर चालेल? घसा खाकरला तर? रेडिओवरच्या बातम्यांचं काय? डॉक्टर घामाघूम झाला. शेवटी वर्तमानपत्रातल्या चुकांना पेन्सिलीनं खूण करायची तेवढी सवलत मिळाली, तीही मनातल्या मनात चरफडून, मोठ्यानं नाही.

"हे झालं औषध," आबासाहेब म्हणाले आणि तिथंच पाणी मागवून पहिली गोळी घेतली.

महिन्याभरात पारा उतरला. डॉक्टर गोळीचं कौतुक करी, आबासाहेब पथ्याचं. आदित्यला तर रान मोकळं मिळालं. तो जेवताना मुद्दाम हैदराबादी झोडू लागला आणि आबासाहेब ओठ घट्ट मिटून भात कालवत राहिले. पण पथ्य अर्धवट पाळतील तर ते आबासाहेब कसले?

"आबा, और चावल होना क्या?" एका दुपारी आदित्यनं विचारलं.

अलकानं वाढणं थांबवून सासऱ्यांकडे पाहिलं. आबासाहेबांनी ताट पुढे सरकवलं.

"होना," ते म्हणाले. "थोडा. गोली बी दे."