झबल्याचा रंग

आमच्या घरी पांढऱ्या कपड्यांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरून झाली नसतील. सासूबाईंचं एकच, "नीळ टाकत जा ना वं थोडी! पाय, सारे कपडे पिवळे पडून राह्यले." मी बादलीत नीळ टाकायची, त्यांच्यासमोर टाकायची, बोटं निळी होईस्तोवर टाकायची. तरी पालुपद चालूच. वणीला माझं पिको-फॉलचं दुकान आहे, दिवसभर कापड हाताखालून जातं, आणि मला म्हणे पांढरं-पिवळं कळत नाही! ही बाई मुद्दाम खोड काढते, असं मी मनात धरून बसले होते.

मी तशी संशयीच. शिवलेलं कापड उलटं करून आतली शिवण पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि माणसांचंही तसंच. नवरा म्हणतो, तू तं देवालेही आधार कार्ड मागशीन. मागीन. काय बिघडलं? एकदाच न मागता विश्वास ठेवला, तो असा अंगाशी आला.

आम्ही आधी येशूच्या ज्या मंडळीत जायचो ती टायरच्या दुकानामागच्या टिनाच्या शेडमध्ये भरायची. तिथल्या पास्टरला दर्शन व्हायचं. बोलता बोलता तो डोळे मिटायचा, हात वर करायचा आणि सांगायचा, इथे एक बहीण बसली आहे, तिच्या घरात असं असं दुःख आहे. आणि ती बहीण खरंच तिथे बसलेली असायची, धाय मोकलून रडायला लागायची. माझ्याही अंगावर काटा यायचा. शुक्रवारी बायकांची उपास-प्रार्थना असे. तिथे पास्टरच्या बायकोपुढे आम्ही एकमेकींसाठी प्रार्थना मागायचो. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या पोरीचं जमत नाही, सगळं बैजवार. रविवारी तेच वरून यायचं. आता वाटतं, शेंबड्या पोराच्याही लक्षात आलं असतं. पण मी शेजारणीचं सांगायची आणि शेजारीण माझं, त्यामुळे प्रत्येकीला वाटायचं की आपण तर कुणाला काही बोललोच नाही, मग याला कळलं कसं?

मंडळी फुटली ती एका पोरीच्या लग्नावरून. साखरपुडा झालेला होता. पास्टरनं भर सभेत दर्शन सांगितलं की मुलाच्या अंगात वाईट आत्मा आहे, हे लग्न देवाला मान्य नाही. सोयरीक मोडली. थोड्याच दिवसांत त्याच पोरीला पास्टरच्या भाच्याचं स्थळ आलं, आणि तेही म्हणे दर्शनातच! मग मात्र लोकांचं डोकं फिरलं. पोरीचा बाप शेडमध्ये जाऊन नको नको ते बोलला. अर्धी मंडळी त्या दिवसापासून बाहेर पडली, त्यात आम्हीही.

बाहेर पडलेले आम्ही काहीजण आता रविवारी एका निवृत्त गुरुजींच्या घरी बसतो. गुरुजी जुने विश्वासी, बोलायला कोरडे, पण शास्त्र, म्हणजे बायबल, तोंडपाठ. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की या घरात कुणी "मला देव बोलला" म्हणालं तर ते आधी शास्त्रावर घासून पाहायचं. तिथे बसत नसेल तर चहा प्यायचा आणि घरी जायचं. मला हे फार आवडलं. मी तर पहिल्या रांगेत बसून सगळ्यांची दर्शनं उलटी करून पाहायला लागले. कुणी स्वप्न सांगायला तोंड उघडलं की मी विचारायची, आदल्या दिवशी कुणाशी बोलला होता?

पण एक गंमत माझ्या ध्यानात आली. पास्टर खोटा, त्याची दर्शनं खोटी, यावर साऱ्यांचं एकमत. आणि तरी प्रत्येकानं त्याच्या दर्शनांतलं एकेक मागे ठेवून घेतलं होतं. कोळशाचा ट्रक चालवणाऱ्या एका भावाला पास्टर म्हणाला होता की तुझ्या गाडीला कधी अपघात होणार नाही. तो म्हणायचा, बाकीचं जाऊ द्या, पण ते तेवढं खरं होतं. सासूबाईंना सांगितलं होतं की तुमचे डोळे चाकू न लागता बरे होतील. त्यांनी ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

आणि मी? मीही ठेवलं होतं.

माझी पहिली आणि शेवटची मुलगी जन्मली आणि तासाभरात गेली. तिच्यासाठी मी एक झबलं शिवलं होतं, पांढऱ्या मलमलचं, गळ्याला बारीक लेस. बाळ यायच्या आधी कपडे शिवू नयेत असं आमच्याकडे मानतात, आणि सासूबाई विश्वासी होऊनही असलं सगळं पाळायच्या, म्हणून दुकानात शटर अर्धं ओढून शिवलं आणि ट्रंकेत तळाशी लपवलं. कुणाला दाखवलं नाही, नवऱ्यालाही नाही. मुलगी गेल्यावर माझं खाणंपिणं सुटलं. घास तोंडात फिरायचा. अशातच एका रविवारी मला धरून शेडमध्ये नेलं, आणि पास्टरनं डोळे मिटून सांगितलं, "मला प्रभूच्या मांडीवर एक लहान मुलगी दिसते. तिच्या अंगात पिवळं झबलं आहे, गळ्याला लेस आहे. तिची आई इथं बसली आहे. बहिणी, रडू नको."

झबलं! लेस! हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी भाकर खाल्ली.

पिवळं म्हणाला, पांढरं नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं. पण मीच त्याला ठिगळ लावलं. तिथं उजेड सोन्यासारखा असेल, त्यात पांढरंही पिवळं दिसत असेल, असं. दुसऱ्या कुणी असलं काही सांगितलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती. पुढे पास्टरचं सगळं उघडं पडलं तरी हे एक मी कुणाला तपासू दिलं नाही. तो खोटा असेल, पण माझी पोरगी त्याला दिसली होती.

यंदा सासूबाईंची नजर फारच गेली. भिंत चाचपत चालायच्या, चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवायच्या. डॉक्टर म्हणाले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पार पिकला आहे, आता ऑपरेशन केलं नाही तर पुढे काही हातात राहणार नाही. सासूबाई ढिम्म. "मले वचन भेटलं हाये. चाकू नाई." नवऱ्यानं हात जोडले, मी भांडले, काही फरक नाही. शेवटी मी त्यांना गुरुजींच्या घरी सगळ्यांसमोर बसवलं. म्हटलं, होऊन जाऊ द्या.

गुरुजींनी शांतपणे सांगितलं, "शास्त्रात आंधळ्यांचे डोळे उघडले हे खरं. पण वैद्याकडे जाऊ नका असं कुठं लिहिलं नाही. ज्यांनी लिहिलं त्यांच्यातला एक तर स्वतः वैद्य होता."

मी लगेच भर घातली, "अन् आई, तुमी भिंत धरून चालता हे साऱ्या वणीले दिसते. त्याच्यात दर्शन कायचं?"

सासूबाईंनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "मंग तुह्या पोरीचं झबलं कोणत्या पानावर हाये?"

मला संताप आला. सगळ्यांसमोर! माझ्या लेकराला मध्ये ओढायचं काय कारण होतं? मी गुरुजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "झबल्याचं कुठं नाही, बाई. शास्त्रात एका राजाचं लेकरू जातं. तो उठतो, तोंड धुतो, जेवतो. म्हणतो, ते आता माझ्याकडे यायचं नाही, मीच त्याच्याकडे जाईन. एवढंच आहे."

एवढंच! ना मांडी, ना लेस. मला ते इतकं कोरडं वाटलं की त्या म्हाताऱ्याचाही राग आला. पण समोर सासूबाई बसल्या होत्या, डोळ्यांत दुधासारखी साय घेऊन, आणि मला कळत होतं की मी माझं धरून ठेवलं तर त्या त्यांचं सोडणार नाहीत.

"बरं," मी म्हटलं. "मीबी सोडलं. झबलंही खोटं. आता चालता का दवाखान्यात?"

"खरं सोडलं?"

"सोडलं म्हटलं ना!"

सासूबाई म्हणाल्या, "येतो मी." इतक्या सहज! इतके महिने ज्या बाईनं कुणाला दाद दिली नाही ती एका वाक्यात कशी वळली? माझ्या मनात पाल चुकचुकलीच. येताना त्यांनी माझा दंड असा घट्ट धरला होता की वळ उठले. मी तोंडानं सोडलं होतं, मनातून काही सोडलं नव्हतं. मला वाटलं त्यांनी ते ओळखलं, म्हणून धरलं.

चंद्रपूरला ऑपरेशन झालं. एका डोळ्याची पट्टी निघाली, आणि काळा चष्मा लावून आम्ही त्यांना घरी आणलं. काही दिवसांनी घरात बसल्या बसल्या त्यांनी चष्मा काढला आणि ओरडल्या, "मायवं! हे भित पांढरी हाये?"

"मंग काय, पांढरीच हाये."

"मले तं पिवळी वाटे." मग उशीचा अभ्रा उचलला, माझ्या नवऱ्याचा बनियन उचलला, दुधाची वाटी डोळ्यांजवळ नेली. लहान पोरीसारख्या हसत होत्या. "सारंच पांढरं व्हय! अन् मी तुले नीळ टाक, नीळ टाक म्हणून किती बोललो वं. चुकलंच माह्यं."

मीही हसले. मायबाई, इतक्या वर्षांचं भांडण आणि दोष त्यांच्या डोळ्यांचा! हसता हसताच मी थांबले. ज्याला पांढरं पिवळं दिसत होतं असं माणूस आमच्या घरात एकच होतं.

मी ट्रंक उघडली. तळाशी जुन्या ओढणीत गुंडाळलेलं झबलं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "आई, हे कोणत्या रंगाचं?"

"पांढरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं हसू गेलं.

"पास्टर पिवळं म्हणे. त्यानं हे कधी पाह्यलं नाई."

त्यांनी नाही म्हटलं नाही. खाली मान घालून लेसवरून बोट फिरवत राहिल्या. "तू हे छातीशी धरून बसे, दार लोटून. मी फटीतून पाह्यलं. तू निजली तवा हात लावून पाह्यला. जेवतच नव्हती तू. मरतं का काय असं वाटलं मले. शुक्रवारी त्याच्या बायकोले सांगतलं, सुनेसाठी प्रार्थना करा. तो रविवारी असं बोलन हे मले काय ठाऊक?"

"अन् बोलल्यावर? बोलल्यावर काहून नाई सांगतलं?"

"बोलल्यावर तू भाकर खाल्ली. मंग मी कोणत्या तोंडानं सांगू? तू सोडलं म्हणाली त्या दिवशी मले वाटलं, सुटलो मी."

मी दुकानात निघून गेले. मशीन चालवत राहिले, कुणाच्या साडीला कुठला दोरा लावला ते कळलं नाही. माझी पोरगी दुसऱ्यांदा गेली होती. त्या मांडीवर कुणी नव्हतं, कधीच नव्हतं. होती ती एक अर्धी आंधळी म्हातारी, दाराच्या फटीत. मी रडले, आणि गिऱ्हाईक आलं की डोळे पुसून विचारायची, फॉल कोणता लावू? राग पास्टरचा जास्त की सासूचा, मला ठरवता येईना. गुरुजींचा तो राजा तेवढा आठवत होता. त्याला कुणी काही दाखवलं नव्हतं. त्याच्या बोलण्यात उलटं करून पाहण्यासारखं मला काही सापडेना.

दिवेलागणीला घरी आले तर सासूबाई तशाच बसलेल्या, झबलं मांडीवर. स्वयंपाक झालेला नव्हता. नवरा बाहेर ओट्यावर, त्याला काय झालं ते माहीत नव्हतं.

"याले बटनं नाईत," त्या म्हणाल्या.

"लावाची राह्यली."

"मले तवा दिसलं नाई." त्यांनी मान वर केली. चष्मा नव्हता, डोळा लाल होता. "मले काहीच दिसलं नाई वं. तिले तं मीच घेतली होती पहिल्यांदा. ऊन लागली हाताले. पण तोंड धड दिसलं नाई, नुस्तं धुकं. कोणाले विचारू म्हणून कधी विचारलं नाई." आणि मग, माझ्याकडे सरळ पाहत, "कशी होती?"

इतक्या वर्षांत ती कुठं आहे हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. ती कशी होती, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी खाली बसले. म्हटलं, कपाळ रुंद होतं, तुमच्यावर गेलं होतं. डाव्या कानाची पाळी दुमडलेली होती. केस ओले, काळेभोर. उजवी मूठ मिटलेली होती, ती मी उघडून पाहिली होती.

"अजून सांग," सासूबाई म्हणाल्या, आणि मी सांगत गेले.