डबीबाहेरचं घुबड

ती घटना आठवली की आजही माझा अंगठा आपोआप तर्जनीच्या पेरावर फिरू लागतो, जणू तिथे काहीतरी आहे.

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. मी भाईंदर पश्चिमेच्या पोलीस ठाण्यात होतो. एका दुपारी ठाणे अंमलदाराने एका गृहस्थांना माझ्यासमोर आणून बसवलं. ते विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांच्या फाईलमध्ये चोरीला गेलेल्या नाण्याचे रंगीत फोटो होते, प्रमाणपत्र होतं, आणि ते प्रमाणपत्र खरं असल्याचं आणखी एक प्रमाणपत्र होतं.

नाणं अथेन्सचं, चांदीचं, अडीचएक हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला देवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला घुबड. आपल्याकडे खिडकीत घुबड बसलं तर लोक हुसकावून लावतात. यांनी ते दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, खाली छोटा दिवा लावून बसवलं होतं.

"एका संस्थेकडून सीलबंद करून घेतलं होतं, साहेब. पारदर्शक डबी, वर नंबर. कुणी बोटसुद्धा लावू शकत नाही."

"डबीसकट उचलू तर शकतो," मी म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही.

संशय एकीवरच होता. जवळच्या मोरवा गावातली एक बाई नऊ वर्षं त्यांच्या वडिलांना सांभाळत होती. वडील ऐंशीच्या पुढचे, दृष्टी पूर्ण गेलेली. "अण्णांना चोरीचं कळवलेलं नाही. बाईला कामावर येऊ नको म्हटलं, आणि त्यांना ती गावच्या जत्रेला गेलीय असं सांगितलंय," मुलगा म्हणाला.

मी तक्रार अर्ज दाखल करून घेतला आणि बाईला बोलावणं धाडलं. ती आली, महिला हवालदाराशेजारी ताठ बसली. पिशवी रिकामी कर म्हटलं तर तिने मुकाट्याने केली. डबा, चष्मा, रुमाल, आणि रुमालात त्याच नंबराची कापलेली डबी. नाणं नव्हतं.

"हे कुठून आलं?"

"कागदावर नंबर व्हता. नंबराचा कागद कुनी टाकतं का, साहेब?"

"नाणं कुठाय?"

"मी न्हाय घेतलं."

"मग कुणी घेतलं?"

"त्ये मी न्हाय सांगायची."

चोर सहसा भरपूर बोलतो. ही बाई गप्प होती, आणि तिच्या गप्प बसण्यात भीती दिसत नव्हती. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण डबीवरचा नंबर फाईलमधल्या नंबराशी जुळला होता, आणि नंबर जुळला की पोलिसाचं डोकं बंद पडतं. "उद्या परत ये," मी दरडावलं. तोवर मोरव्यात बातमी पोचली होती. तिच्या सुनेची माहेरची माणसं दारात येऊन विचारून गेली. नऊ वर्षांचं नाव एका दुपारीत गेलं.

चोरीची चांदी सराफाकडे जाते, म्हणून शिपायाने दुकानादुकानांत फोटो दाखवला होता. संध्याकाळी एका चांदीवाल्याचा फोन आला.

"साहेब, तो सिक्का विकायला नाय आला. एक आंधळे अंकल आले, सोबत बाई होती. अंकल बोलले, फक्त डब्बी काप, आतल्याला धक्का नको. मी बारीक करवत चालवली. पूर्ण टाइम अंकल माझा मनगट धरून बसले होते."

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन त्याच्या घरी गेलो. खाडीकडून खारा वारा येत होता, पडदा फुगत होता आणि बसत होता. अण्णा खिडकीशी पलंगावर पहुडले होते, झोप आणि जाग यांच्या मधे कुठेतरी. उजवी मूठ मिटलेली होती.

"ती आली का जत्रेहून?" त्यांनी विचारलं.

मी ओळख दिली आणि बाईवर आळ आल्याचं सांगितलं. ते उठून बसले. मुलाकडे तोंड करून म्हणाले, "तू तिला चौकीत पाठवलंस? अरे, मीच नेलं तिला सोबत! माझं नाणं, माझा हात."

"अण्णा, डबीत त्याची हमी होती!"

"कोणाला?"

अण्णा जन्मभर छापखान्यात खिळे जुळवत आले होते. शिशाची उलटी अक्षरं बोटांनी वाचायचे. तरुणपणी फोर्टातल्या फुटपाथवर ते नाणं मिळालं, तेव्हापासून दुपारच्या झोपेला ते मुठीत असायचं. डोळे गेल्यावर तर घुबडाशेजारची तीन ग्रीक अक्षरं हाच त्यांचा रोजचा पेपर होता. मग ती डबी आली. वरून नुसतं गुळगुळीत प्लास्टिक. वजन डबीचं, आवाज डबीचा, आणि नाण्याचा काठ डबीतल्या पांढऱ्या कड्यात पार गडप.

"काठावर छिन्नीचा घाव आहे. कुणीतरी पूर्वी चांदी तपासली असेल," अण्णा म्हणाले. "तो लागला की कळायचं, माझंच आहे. डबीत काय परत आलं, मला काय ठाऊक? दोन वर्षं मी घरातच त्याला मुकलो होतो."

मी मुलाला मोरव्याला पाठवलं, एकट्याला, चालत. बाईच्या दारात, सगळ्यांदेखत, चूक झाली असं म्हणायला. त्याने ते केलं. तासाभराने बाई त्याच्यासोबत अण्णांकडे आली.

"पहिल्याच दिवशी का नाही बोललीस?" मी विचारलं.

"बोलले असते, तर दादांनी त्यांच्या मुठीतनं काढून परत डबीत घातलं असतं." मग मुलाकडे वळून, "मी कामावर येते. पन नवी डबी आणायची न्हाय. हाय कबूल?"

त्याने मान हलवली.

अर्ज निकाली काढला. निघताना अण्णांनी नाणं माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझा अंगठा धरून अक्षरांवरून फिरवला. ते हाताच्या उबेने गरम होतं. क्षणभर वाटलं, ते घुबड आत्ताच जागं होऊन अंग झटकतंय.

नोकरीत मी असंख्य पाकिटांवर लाख ओतली, पंचांच्या सह्या घेतल्या. सील एवढंच सांगतं की मधल्या काळात कुणी उघडलेलं नाही. आत काय आहे, कुणाचं आहे, हे ते सांगत नाही. त्या बाईच्या बाबतीत मी नंबर वाचला आणि तिथेच थांबलो.

काठावरचा घाव मला त्या दिवशी सापडलाच नाही. अण्णा हसले. "घाई करताय," म्हणाले.